दाराचा शॉट

समाजमंदिराच्या खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून कौसल्या तायडेने घरून गोधड्या आणल्या. दिवसाउजेडी सिनेमा दाखवायचा तर आधी अंधार करावा लागतो, हे तिला मीच सांगितलं होतं. खुर्चीवर चढून ती गोधडीचं टोक खिडकीच्या गजात खोचत होती आणि खालून बाकीच्या तिला शिकवत होत्या.

"वर खोच ना अजून. उजेड येऊन राहिला."

"येऊ दे. आपलं थोबाड काय अंधारातच पाहासारखं हाय का?"

सगळ्या हसल्या. पंचफुला खंडारे हसली नाही, पण कौसल्या पडू नये म्हणून तिने खुर्चीचा पाय घट्ट धरून ठेवला होता. दोघींची घरं एकमेकींना लागून. मधे एक कुडाची भिंत, तीही अर्धी पडलेली.

तांबटसर सतरंजी अंथरत होते. स्वतः अंथरायचे, कुणाला अंथरू द्यायचे नाहीत. मी टेबलावर माझा संगणक लावला, प्रोजेक्टरची वायर जोडली आणि समोरच्या भिंतीवर बायकांनी आणलेली पांढरी चादर सरळ केली.

रघुवीर तांबट हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. ऐकलं असेल तर एखाद्या महोत्सवात, दुपारच्या जेवणानंतरच्या खेळाला, निम्मे लोक पेंगत असताना. गोदावरीतल्या भोयांवर एक सिनेमा, लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांवर एक, धरणात बुडालेल्या गावातल्या शिक्षकावर एक. निर्माता नाही, नट नाहीत, गाणी नाहीत, मागे कुणाचा गंभीर आवाज नाही. ज्याच्यावर जे गुदरलं त्याने ते जिथे गुदरलं तिथेच पुन्हा करून दाखवायचं, आणि एकदाच. चुकलं तरी पुन्हा नाही. सर म्हणायचे, "दुसऱ्यांदा करायला लावतोय हाच अन्याय आहे. तिसऱ्यांदा कशाला?"

कॅमेरा लांब उभा असायचा आणि हलायचा नाही. जवळून चेहरा त्यांनी कधी घेतला नाही. "चेहरा जवळून घेतला की माणूस गर्दीतून मानगूट धरून उचलल्यासारखा दिसतो. मला कुणाला उचलायचं नाही." आता ते ठिबक सिंचनाच्या जाहिराती करतात, आणि तिथे शेतकऱ्याचा चेहरा दातांपर्यंत जवळून घेतात. पण ते आताचं.

मी त्यांच्याकडे आले ती कऱ्हाडहून, लग्नाचे व्हिडिओ जोडता जोडता. संकलन मला कुणी शिकवलं नाही. विहिणीचं रडणं किती वेळ ठेवायचं, जेवणावळीत कुठे कापायचं, हे मी लोकांच्या शिव्या खाऊन शिकले. महिन्याभराने लोक परत यायचे. आता आत्याशी बोलणं बंद झालंय, तिला काढा. मी आत्याला काढायचे. नवरीला मिठी मारणारे दोन हात उरायचे, ते हार दाखवून झाकायचे. त्यामुळे तांबटसरांनी त्यांचा नियम सांगितला तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

नियम असा. सिनेमा जोडून झाला की आधी त्यातल्या माणसांना दाखवायचा, त्यांच्या गावात. जगाला नंतर. बघून झाल्यावर ज्याला वाटेल त्याने टेबलाशी येऊन म्हणायचं, माझं काढा. कारण विचारायचं नाही, गळ घालायची नाही. तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत मी ते काढून टाकायचं; जोडलेल्यातून आणि मूळ चित्रीकरणातूनही. भोयांच्या सिनेमातून एका म्हाताऱ्याने स्वतःचं रडणं काढायला लावलं, तर पुढे एका महोत्सवाने तेवढ्यासाठी सिनेमा नाकारला. सर म्हणाले, "रडणं त्याचं होतं."

हा चौथा सिनेमा होता. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, नाव मुद्दाम सांगत नाही, कापसाच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली होती. संध्याकाळची पाळी सुटत आलेली. आत कापसाच्या गंज्या, यंत्रं आणि बायका. दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका पदरात कापूस लपवून नेतात असा संशय होता, म्हणून झडती घेणारा मुकादम येईपर्यंत कुलूप लावायची तिथे रीतच पडली होती. मुकादम गजानन चहाला गेला होता. मागच्या बाजूचे पत्रे लोकांनी बाहेरून उचकटले तेव्हा काही जणी निघाल्या, पाच जणी नाही निघाल्या. त्यांतली एक पंचफुलाची पोरगी, संगीता. पहिलाच हंगाम होता तिचा.

दार उघडंच होतं, असं मालकाने पोलिसांना सांगितलं. बायका घाबरून उलट्या दिशेने पळाल्या. पोलिसांनी तेच लिहून घेतलं.

जिन बंद असताना सरांनी या बायकांना त्याच दाराशी नेलं. वाचलेल्या चौघी, म्हणजे पंचफुला, कौसल्या, रेखा डोंगरे आणि नलू, त्या वेळी जिथे उभ्या होत्या तिथे उभ्या राहिल्या आणि दार बडवू लागल्या. गजानन, कुलूप काढ. गजानन, कुलूप काढ रे. कॅमेरा लांब, एका बाजूने तिरका, चेहरे दिसतील असा. एकच शॉट, मधे कुठे तुटलेला नाही. कऱ्हाडला बसून जोडताना मी तो पहिल्यांदा पाहिला आणि नंतर उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. परत आल्यावर मात्र माझ्यातली लग्नवाली जागी झाली. चौकटीत मधोमध एक भोक पडलं होतं. तीन बायका डावीकडे दाटीने, मग रिकामी जागा, मग उजवीकडे कडेला पंचफुला. कौसल्याचा हात त्या रिकाम्या जागेवरून जाऊन पंचफुलाच्या खांद्यावर टेकलेला. मी सरांना म्हटलं, "जरा जवळ उभं करायचं की त्यांना. चित्र फुटलंय." सर म्हणाले, "मी कुणाला उभं केलेलं नाही, मंदा."

त्या दुपारी सिनेमा सुरू करण्याआधी पंचफुला टेबलाशी आली.

"भाऊ, हे कोर्टात लागन का?"

"कोर्टाचं मी सांगू शकत नाही, पंचफुलाबाई. पण लोक बघतील. चार गावांचे, चार शहरांचे."

"पाहू द्या. कुलूप होतं, एवढं लोकाइले समजलं पायजे. पोरगी उलटी पयाली नाई माही. दाराशीच होती."

"ते दिसतं यात."

"मंग लावा."

दाराचा शॉट शेवटाकडे होता. तोपर्यंत बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. पाहा, कशी चालते. पाहा, लुगडं कसं नेसली. कुलूप काढ रे सुरू झालं तशी सतरंजीवरची कुजबुज बंद पडली. रेखाने पदर तोंडात धरला. संपल्यावर कुणी उठेना, म्हणून मीच दार उघडून उजेड घेतला.

तांबटसर नेहमीप्रमाणे म्हणाले, "ज्याला जे काढावंसं वाटेल ते सांगा. का, ते सांगायचं नाही."

साधारणपणे या वेळी लोक लाजत येतात. माझा पदर ढळलाय तो काढा, मी शिवी दिलीय ती काढा. मी संगणकापुढे बसून होते. कौसल्या आली. टेबलाच्या कडेला नखाने ओरखडत उभी राहिली.

"माझं काढा, ताई."

"कुठलं?"

"समदंच. जितं जितं मी हाय तितं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, काढ. मागून रेखा आली, "माझंबी." नलू तर टेबलाशी आलीच नाही, सतरंजीवरूनच म्हणाली, "तिघीइचं काढा."

"अगं, पण का?" माझ्या तोंडून गेलंच.

"मंदा," सर म्हणाले.

"विचारू द्या त्याइले," कौसल्या म्हणाली. "चोरी थोडीच हाय. काल गजानन आलता घरोघरी. दसऱ्याले जिन चालू होऊन राहिली. म्हने, जे सिनेमात दिसन तिले गेट बंद. दुसरं काय काम हाय अठी, ताई? तुमीच सांगा. वावरात निंदनं दोन महिने, बाकी साल काय खाचं?"

मी कौसल्याची सुरुवातीची मुलाखत काढली, रेखाचं घर काढलं, नलूचं पाणी भरणं काढलं. सिनेमा डोळ्यांसमोर आटत गेला. मग दाराचा शॉट आला आणि माझा हात थांबला.

"माझं राहू द्या," पंचफुला म्हणाली.

ती अजून सतरंजीवर होती, भिंतीला टेकून. कौसल्या वळली.

"तुले काम नाई लागत का, पंचे?"

"लागते."

"मंग?"

"मंग काय. तुमाले लेकरं हाय. मले कोन हाय? न्या घेऊन काम."

"आमी का खुशीनं करून राहिलो?"

"मी म्हनलं का तसं? तू तुह्यं काढ. माह्यं राहू दे."

तांबटसर पंचफुलासमोर उकिडवे बसले. मी त्यांना असं समजावताना कधी पाहिलं नव्हतं, कारण समजावण्याची वेळच येत नसे. लोक काढा म्हणत, हे काढत. ठेवा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"पंचफुलाबाई, तो सगळ्यांचा मिळून एक शॉट आहे. एकीला काढलं की सगळंच निघतं. तुमचा एकटीचा मी घेतलेला नाही."

"काऊन नाई घेतला?"

सरांनी सतरंजीची मुडपलेली कड सरळ केली.

"मी उभी होतो ना तितं. घ्याचा होता एकटीचा. लग्नात घेतेत तसा, जवळून."

"चुकलं माझं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "मंदा, काही करता येईल?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला शॉटला हात लावू दिला नव्हता. आडवा कापायचा नाही, मोठा करायचा नाही, उजळायचा नाही. आता ते विचारत होते, आणि मला तर ते झोपेतही येत होतं. मी चौकटीचा डावा भाग कापला. रेखा गेली, नलू गेली, कौसल्या गेली. चित्र ओढून मोठं केलं. पंचफुला मोठी झाली, जरा भुरकट झाली, पण राहिली.

कौसल्याने बोट संगणकाच्या पडद्यावर टेकवलं. "हा हात माझा हाय."

पंचफुलाच्या खांद्यावर एक हात उरला होता. मनगटावर गोंदलेली तुळस आणि तीन हिरवे ठिपके.

"हातानं कोण ओळखणार आहे?" मी म्हटलं.

"ताई, हे गोंदन गजाननच्या मायनंच गोंदलं हाय."

नलूला हसू फुटलं आणि तिने लगेच तोंड दाबलं. मी आणखी कापलं. हात गेला, त्याबरोबर खांदाही गेला. आता फक्त चेहरा होता, चादरभर.

"अन् आवाज?" रेखा म्हणाली. "मी किती कोकलली त्यात. माझा आवाज समदं गाव ओयखते."

आवाज चौघींचे एकात एक गुंतलेले होते, वेगळे निघणारे नव्हते. मी आवाज बंद केला.

"बघा आता," मी म्हटलं आणि दार परत लावून घेतलं.

चादरीवर पंचफुलाचा मोठा, दाणेदार चेहरा हलत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. दार दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते, ती कशाला काय करतेय ते कळत नव्हतं. एखादी बाई दुखण्याने कण्हतेय म्हणावं, देव अंगात आलाय म्हणावं, काहीही म्हणावं. जो पाहील तो म्हणेल, वेडी आहे. तरी मी धीर धरून होते. खाली ओळ टाकता येईल, असं मनात जुळवत होते. नाव, गाव, काय घडलं ते.

पंचफुला उठून चादरीजवळ गेली. इतकी जवळ की तिची सावली तिच्याच चेहऱ्यावर पडली.

"संगीता कुठी गेली?"

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. "पंचफुलाबाई, संगीता यात नव्हती. हे आपण नंतर केलं, मार्चमध्ये."

"होती ना. माह्या न कौसल्याच्या मधात."

मग कौसल्या म्हणाली, खाली बघत, "जागा ठेवलीती आमी, ताई. कोनी सांगतलं नवतं. तितं पाय ठेवासच होईना."

तांबटसर उभे होते ते खुर्चीवर बसले. शॉट त्यांनी स्वतः घेतला होता. कितीदा पाहिला असेल त्यांनी.

"पुन्हा मोठं करा," पंचफुला म्हणाली. "पयलेसारखं."

मी कापलेलं सगळं परत आणलं, आवाजही आणला. चौघी दार बडवू लागल्या. गजानन, कुलूप काढ. आता मला ती जागा दिसली आणि तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. रेखा उजव्या अंगाला सरकते, तिचं कोपर त्या जागेपर्यंत जातं आणि तिथे अडतं, जणू कुणाच्या बरगडीला लागलं. कौसल्याचा हात सरळ जात नाही. थोडा वर उचलून, काहीतरी ओलांडून पंचफुलाच्या खांद्यावर येतो. एका मुलीच्या डोक्याइतकं वर.

शॉट संपला.

पंचफुला टेबलाशी आली. "काढा, ताई."

"काय काढू?"

"समदं. एकटीचं नाई पायजे. पोरगी एकटी नवती त्या टायमाले. आमी समद्या होतो. मी एकटी दिसली तर लोक म्हनतीन, माय दाराशी अन् पोरगी कुठी होती? मालक म्हनते तसंच होईन."

"उद्या सांगा," तांबटसर एकदम म्हणाले. आवाज चढला होता त्यांचा. "आज नको. रात्रभर विचार करा. आम्ही थांबतो. पंचफुलाबाई, हे एकदा पुसलं की कुलूप होतं असं सांगणारं काही उरत नाही. काहीच नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "या तिघीइनं म्हनलं तवा तुमी नाई म्हनलं, उद्या सांगा."

"नाही म्हटलं."

"मंग मलेच काऊन?"

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ, मंदा."

मोठं चित्रीकरण पुसायला वेळ लागतो. मी मूळ चित्रीकरणाच्या दोन्ही डिस्का लावल्या. संगणकाने विचारलं, नक्की का, आणि मी हो म्हटलं. पडद्याच्या मधोमध एक पट्टी आली, हिरवी, हळूहळू भरत जाणारी.

"हे काय हाय?" नलूने विचारलं.

"ही भरली की झालं."

त्या गेल्या नाहीत. मला वाटलं होतं जातील. कुणाचं पाणी यायचं होतं, कुणाच्या शेळ्या यायच्या होत्या. चौघी टेबलाभोवती उभ्या राहिल्या आणि पट्टी भरताना पाहत राहिल्या. मधेच कौसल्याने खिडकीतल्या गोधड्या काढायला घेतल्या. एकेक निघत गेली तसा उजेड चादरीवर पडला आणि ती नुसती धुतलेली चादर झाली. रेखा चादरीचं एक टोक धरून उभी राहिली, पंचफुलाने दुसरं धरलं, दोघींनी घडी घातली. सरांच्या हातात देऊन पंचफुला म्हणाली, "एवढ्या लांबून आलते तुमी. लय नुसकान झालं तुमचं."

"माझं काही नाही."

"भाकर टाकतो, जेवून जा."

"नको, बाई. गाडी आहे."

बाकीच्या निघाल्या. कौसल्या गोधड्या डोक्यावर घेऊन दारात थांबली पंचफुलासाठी. पंचफुला पायात चप्पल सरकवत होती तेव्हा तांबटसर तिच्या मागे गेले. मी वायरी गुंडाळत होते, पण ऐकू येत होतं.

"रागावलात का माझ्यावर?"

तिला प्रश्न समजला नसावा. ती म्हणाली, "काऊन रागावू, भाऊ? तुमाले ज्यानं जसं म्हनलं तसं केलं तुमी. गजाननबी तेच म्हनते. काल वट्यावर बसला होता माह्या. म्हने, बाई, मले मालकानं म्हनलं कुलूप लाव, मी लावलं, माह्या मनात काई नवतं. चहा पेऊन गेला."

मग ती कौसल्याच्या मागोमाग निघाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वायरी खाली ठेवून मी नीट कान दिला होता; आवाज ऐकणं हे माझं काम आहे. नव्हता.